अकरा दिवसांचा साहेब

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ४ जानेवारी, शनिवार

विरेश,

आशीर्वाद लिहू का नको, ह्यात दोन कागद फाडले. तुला माझा आशीर्वाद नको असंल तर ही ओळ सोड अन् पुढचं वाच. वाच मात्र. फोन तू उचलत न्हायस, माझा नंबर बंद करून टाकलायस म्हणं. म्हणून ह्या वयात पत्र लिहायला बसले. शाळेत तीस वर्षं शिपाईगिरी केली, सायबांची पत्रं हिकडनं तिकडं नेली, पण स्वतः कुणाला लिहायची पाळी आली नव्हती.

तू श्रीपूरला साखर कारखान्याच्या काट्यावर हायस, हे सोहेबनं सांगितलं. त्याच्यावर चिडू नको. बारदान टाकायला त्याचा टेम्पो तितं जातो, त्यात तू उसाच्या गाड्यांची वजनं घेताना दिसलास. आईला सांगू नको अशी तू त्याला शपथ घातलीस, ती त्यानं पाळली. आईला न्हाय सांगितलं, मला सांगितलं. मीबी बजाबाईला, तुझ्या आईला, सांगितलेलं न्हाय. तुझी आई कडक भाकरीची टोपली घेऊन रोज माझ्या दारावरनं जाती. मी मान खाली घालून भांडी घासत बसते.

आता कामाचं. आपली खोली बंद करायला निघालेत. नऊ वर्षांमागं कुमारच्या मागं लागून मी मंडळाच्या समाजमंदिराची किल्ली घेतली, तवा तितं लेझमी अन् उंदरं होती. तू आठवीत होतास, पहिला झाडू तूच मारलास. आज तितं सतरा पोरंपोरी अभ्यासाला येत्यात, संध्याकाळी लहान पोरं लेझीम शिकत्यात, आणि येत्या २६ तारखेला झेंडावंदन झालं की मंडळाची सभा हाय, खोली चालू ठेवायची का बंद करायची त्याची. कुमार अध्यक्ष. त्याला गणपतीची सजावट अन् डॉल्बी ठेवायला जागा पाहिजे. कुमारचं मला भ्या न्हाय, त्याला मी नाक पुसता येत नव्हतं तवापासनं बघते. घोडं दुसरीकडं अडलंय. ठराव मांडलाय तुझ्या आईनं.

तुझ्या बापामागं त्याच्या जागेवर ती सभासद हाय, तुला ठाऊक हाय. चौकात उभी राहून म्हणती, "ह्या खोलीनं माझा पोरगा नेला. तितं बसवून पोरांच्या डोक्यात वर्दी भरवत्यात, मग पोरं घर सोडून जात्यात." मी समजवायला गेले तर म्हणली, "आक्के, पोटचं असतं तर कळलं असतं तुला." मी तशीच परत आले.

तर तू एवढंच कर. चार ओळी लिहून दे, की मी खोलीमुळं गेलो न्हाय. तुझ्या हातचं अक्षर तुझी आई ओळखती. चौकातल्या तुझ्या फ्लेक्सचं मनात धरलं असशील तर पोरांनी तो हौसेनं लावला, पोरांना कुटं काय कळतंय. सोहेब मंगळवारी परत येणार हाय, त्याच्याजवळ दे.

जेवण वेळेवर करत जा. कारखान्यावर धूळ लई असती म्हणत्यात.

मायाक्का


ता. १२ जानेवारी, रविवार

विरेश,

सोहेब म्हणला, पत्र तुझ्या हातात दिलं, तू ते खिशात घातलंस अन् ट्रॅक्टर पुढं घ्यायला लावलास. वाचलंस का न्हाय ते त्याला कळलं न्हाय. वाचलंस असं धरून पुढं लिहिते. मी अशी सहजी सोडणारी बाई न्हाय, हे तुला सांगायला नको.

सिद्धेश्वराची गड्डा जत्रा सुरू झालीय. पेठेत पाय ठेवायला जागा न्हाय, पिपाण्या रात्रंदिवस वाजत्यात. तरी पहाटं साडेपाचला पोरं हजर हायत. भरतीसाठी पळणारी पार्क मैदानाकडं जात्यात, बाकीची सतरंजीवर बसत्यात. मोबाईल अजून त्या पत्र्याच्या पिठाच्या डब्यातच टाकायला लावते. परवा एक नवीन पोरगं म्हणलं, "आक्का, महत्त्वाचा फोन येणार हाय." मी म्हणलं, तुला कलेक्टरचा फोन येतो का? डब्यात टाक.

हाशमची अरिबा बारावीला हाय. त्यांच्या घरात एक खोली, त्या खोलीत हाशमचं शिलाई मशीन अन् पाच माणसं. मशीन बंद झाल्यावर तिनं पुस्तक उघडायचं, तर धाकटी भावंडं झोपायला तितंच. आता खोलीत दाराशेजारी तुझ्या जागेवर बसती. गणित अडलं की म्हणती, विरेशदादा असते तर. मी म्हणते, न्हायत की, मग आता डोकं चालव. चालवती बिचारी.

ही पोरं कुटं जायची, हे मला कुमारनं सांगावं. कट्ट्यावर? पानटपरीपाशी? चोवीस तास गल्लीत वाढदिवसाचे केक तलवारीनं कापायला? मी त्याला हे विचारलं. तो म्हणला, "आक्का, तुमचं सगळं खरं हाय, पण बजाबाईच्या तोंडाला कोन लागणार?"

आता एक सुधारायचं हाय. मागल्या पत्रात लिहिलं की फ्लेक्स पोरांनी लावला. ते खोटं लिहिलं. छापायला मी दिला. गेल्या पावसाळ्यात कुमार मला म्हणला होता, "आठ वर्षं झाली, आक्का. एक तरी पोरगा वर्दीत दाखवा, मग खोली मागा." ते माझ्या मनाला लागलं. आणि पोलीस भरतीच्या तात्पुरत्या यादीत तुझं नाव आलं. तू म्हणालास, "आक्का, अजून अंतिम यादी यायची हाय." मला ऐकायला वेळ कुटं होता. बाजारात तुरी अन् मी फ्लेक्सच्या दुकानात. दुकानदारानं दुसऱ्या कुणाच्यातरी वर्दीवर तुझं तोंड चिकटवलं. मान नीट बसत नव्हती. मी म्हणलं चालतंय, लांबून कुणाला दिसतंय. "आमच्या पेठेची शान, महाराष्ट्र पोलीस दलात निवड, हार्दिक अभिनंदन." चौकात पंधरा फुटाचा लावला. दोरी बांधायला पोरं होती, तेवढंच पोरांचं.

हे लिहिलं म्हणून हलकं वाटंल असं वाटलं होतं. वाटलं न्हाय. कारण मला ठाऊक हाय की एवढ्यावर तू घर सोडलेलं न्हायस.

चार ओळी मात्र दे. चौदा दिवस राहिलेत.

मायाक्का


ता. २० जानेवारी, सोमवार

विरेश,

तुझी चिठ्ठी पोचली. काट्याच्या पावतीमागं लिहिलेली. सोहेबनं दिली तवा मी दारात तांदूळ निवडत होते. त्याच्यासमोरच वाचली.

"आक्का, खोलीचं काही चुकलं नाही, हे सभेत वाचून दाखवा. पण आई विचारेल, तू अकरा दिवस मला खोटं का सांगितलंस? त्याचं उत्तर मी लिहू, का तुम्ही सांगता?"

पहिल्यांदा मला रागच आला. म्हणलं, चिठ्ठी मागितली तर पोरगं मलाच प्रश्न विचारतंय. सोहेबला वाचून दाखवली. तो म्हणला, "आक्का, पहिली ओळ तेवढी वाचा की सभेत. खालचं दुमडून ठेवा. कोन मागतंय बघायला?" मी चिठ्ठी दुमडून बघितली. बरोबर बसती. पहिली ओळ वर, बाकीचं खाली. खोली वाचती, कुणाला काय कळत न्हाय. चार दिवस ती तशीच दुमडलेली माझ्या फडताळात होती.

आज ती उघडली, अन् जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. चुकलं तर तू सांग.

गणपती बसले त्या दिवशी दुपारी अंतिम यादी आली. दोन मार्कांनी तू यादीबाहेर गेलास. तू पहिल्यांदा माझ्याकडं आलास, आईकडं न्हाय. म्हणालास, "आक्का, फ्लेक्स उतरवा. मी आईला सांगून येतो." रडला न्हाईस. मीच तुला खाली बसवलं. म्हणलं, गणपती होऊ दे. विसर्जनानंतर कुमार खोलीचं ठरवणार हाय, तोवर कळ काढ. आईला आत्ता सांगितलंस तर सगळ्या पेठेत होईल. चार दिवसांनी काय फरक पडतो तिला? असं मी म्हणलं. चार म्हणलं, अकरा झाले.

तुझ्या आईनं टोपलीतल्या भाकरीबरोबर पेढे वाटले होते. ती घरोघर सांगत होती, माझा पोरगा पोलीस झाला. किराणावाला तुला साहेब म्हणायला लागला. नळाच्या भांडणात दोन बायका तुला मधी घालायला आल्या, साहेब तुमी सांगा म्हणून. तू घरी जेवायला बसायचास अन् आई विचारायची, बाळा ट्रेनिंगला कधी जायचं. तू म्हणायचास, पत्र आलं की. हे सगळं तू मला येऊन सांगायचास. मी म्हणायचे, अजून थोडं.

आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत मी तुला गाडीवर चढवलं. कुमारच्या हातनं हार घालवला. तू मान खाली घालून उभा होतास. मी खालनं ओरडले, मान वर कर. हे मी ओरडले होते, विरेश. मला ते चांगलं आठवतंय. तू मान वर केलीस. सकाळी तू गेलेला होतास. तुझ्या आईला तुझ्या अंथरुणावर चिठ्ठी सापडली, मी पोलीस झालो न्हाय म्हणून. तेव्हापासनं तिला वाटतं, पोरानं स्वतःच्या मनानं अकरा दिवस तिच्या तोंडावर खोटं बोलून तिला पेठेत तोंडघशी पाडलं. ह्याचं तिला जास्त लागलंय. भरतीचं न्हाय लागलं. मी हे चार महिने बघते, अन् गप हाय.

खोलीसाठी केलं असं मी मनाला सांगत आले. खोलीसाठी केलं हे खरं हाय. पण खोली कुणासाठी, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हणले असते, तुमच्यासाठी. आणि तुलाच मी वर उभा करून ठेवला.

आता काय करायचं ते ठरवलंय. सभेत चिठ्ठी पूर्ण वाचणार. दोन्ही ओळी. खालच्या ओळीचं उत्तर मी देणार, तुझ्या आईच्या समोर, मंडळातल्या सगळ्यांच्या समोर. त्यानं खोली गेली तर जाऊ दे असं मी म्हणणार न्हाय, कारण मला ते खोटं म्हणता येत न्हाय. खोली गेली तर मी लई रडेन. पण तरी वाचणार.

तू यायचं न्हायस. बोलवत न्हाय. ह्यात तुझं काम संपलं.

आक्का


ता. २९ जानेवारी, बुधवार

विरेश,

सोहेबनं तुला काय सांगितलं असंल ते असू दे, मी पहिल्यापासनं सांगते. त्याला मधलं मधलं सोडायची सवय हाय.

झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, अन् एकोणतीस सभासद खोलीत सतरंजीवर बसले. तुझी आई भिंतीला टेकून, पदर डोक्यावर. कुमारनं ठराव वाचला. मग म्हणला, "आक्का, तुमचं म्हणणं मांडा." मी उभी राहिले. चिठ्ठी वाचली. अर्धी झाल्यावर तुझ्या आईनं वर बघितलं. तुझं अक्षर लांबनंच ओळखलं तिनं.

खालची ओळ वाचली अन् म्हणलं, बजाबाई, ह्याचं उत्तर मी देते. तुझा पोरगा पहिल्याच दिवशी तुला सांगायला निघाला होता. मी अडवला. तोंड बंद ठेव म्हणून मी सांगितलं. फ्लेक्स मी छापला, मी उतरू दिला न्हाय, गाडीवर मी चढवला. तुझा पोरगा खोटारडा न्हाय. मी हाय.

कुमार म्हणला, "म्हणजे आक्का, हार माझ्या हातनं घालवला तवा तुमाला ठाऊक होतं?" मी म्हणलं, व्हय. त्याचं तोंड लाल झालं. "मग तर ही खोली आजच बंद करायला पाहिजे," म्हणला. दोघंतिघं व्हय व्हय म्हणायला लागले. मी खाली बसले. मला वाटलं गेली.

तेवढ्यात तुझ्या आईनं विचारलं, मला न्हाय, दारात पोरं उभी होती तिकडं बघून. "त्या अकरा दिवसांत तो हितं यायचा का?"

अरिबा पुढं आली. ती सभासद न्हाय, पण कुणी अडवलं न्हाय तिला. म्हणली, "रोज यायचे, मावशी. पहाटं यायचे अन् दुपारीबी यायचे. आमची चाचणी होती, गणित शिकवलं त्यांनी."

"तुमाला ठाऊक होतं? तो पास न्हाय झाला ते?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं आमाला. बाहेर बोलू नका म्हणले." मग म्हणली, "मावशी, हितं त्यांना कुणी साहेब म्हणत नव्हतं. म्हणून ते बसायचे हितं. एकदा दार लावून रडलेबी. आमी पुस्तकात बघत बसलो."

हे मला ठाऊक नव्हतं, विरेश. नऊ वर्षं मी कुमारला सांगत आले, ह्या खोलीतनं कोण निघणार, कोण कुटं लागणार. खोली कशासाठी हाय ते त्या पोरीला माझ्यापेक्षा जास्त कळलंय. तुला साऱ्या पेठेत खरं राहायला ती एवढीच जागा होती, अन् ती मी न्हाय, त्या पोरांनी सांभाळली.

तुझ्या आईनं पदरानं डोळे पुसले न्हाईत, तसंच वाहू दिलं. मग उठली. म्हणली, "माझा ठराव मी मागं घेते. खोली चालू राहू दे. पण ही बाई उंबऱ्याच्या आत येणार न्हाय." बोट माझ्याकडं होतं.

कुमार म्हणला, "अहो बजाबाई, मग उघडणार कोन? पहाटं साडेपाचला येणारं माणूस मंडळात हाय का एक तरी? जबाबदार माणूस नसंल तर पोरीबाळींना कोन पाठवणार?" सभेत हात वर करायला सगळे असत्यात, पहाटं उठायला कोण नसतं.

मी किल्ली कनवटीची काढून सतरंजीवर ठेवली. म्हणलं, बजाबाईचं बरोबर हाय, मी येणार न्हाय.

किल्ली तुझ्या आईनं उचलली.

मत घेतलं. खोली चालू ठेवायला बावीस हात वर. कुमारचा शेवटी, पण वर.

तीन दिवस झाले. पहाटं पाचला मला जाग येती अन् जायला कुटं नसतं. पहिल्या दिवशी चुलीपुढं बसून लई रडले, ते खोलीसाठी न्हाय, माझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी मंद्रूपला भावाकडं गेले. तितं बाजारपटांगणाशेजारी व्यायामशाळेची इमारत हाय, चार वर्षं कुलूप, आत कडबा ठेवलाय कुणीतरी. पोरं बाहेर पारावर मान खाली घालून मोबाईल बघत बसलेली. भावाला विचारलं, किल्ली कुणाकडं असती. तो म्हणला, आक्का, तू हितंबी सुरू करू नको. मी सोमवारी परत जाणार हाय. ह्यावेळी फ्लेक्स लावायचा न्हाय, कुणाचाच, कशाचाच. आणि कुणी विचारलं ह्यातनं काय निघणार, तर सांगणार, काय बी निघणार न्हाय, पोरं बसतील.

मला माफ कर असं लिहिणार न्हाय. ते मागायची घाई मी करू नये. तू कधी बोललास तर बोल, न्हाय तर न्हाय.

तुझा पत्ता मी आईला दिलेला न्हाय. तिनं सभा झाल्यावर विचारलं, चिठ्ठी कुठनं आली. मी म्हणलं, ते तुझा पोरगाच सांगंल तुला, ह्यावेळी त्याच्या अन् तुझ्या मधी मी पडणार न्हाय. तिनं परत विचारलं न्हाय.

एवढं मात्र तुला कळायला पाहिजे. रोज पहाटं सव्वापाचला तुझी आई खोली उघडती. झाडून घेती, पोरांचे मोबाईल डब्यात टाकायला लावती, माझ्याहून कडक हाय. अभ्यासातलं तिला काय कळत न्हाय, भाकरीचा तुकडा हातावर ठेवून खाल्लंस का विचारती. मग आठ वाजेस्तोवर दाराकडं तोंड करून बसती. काल सोहेब तिला म्हणला, मावशी, आत बसा की, थंडी हाय. ती म्हणली, "राहू दे. त्याला घरी यायला लाज वाटंल. तो आला तर पहिल्यांदा हितंच येईल."

आक्का